शस्त्रक्रियेनंतर पाय बधिर होणे ‘स्वाभाविक’ नाही

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या आणि नंतर पायांना मुंग्या येऊ लागलेल्या माणसाला धीर देणारा एक संदेश सध्या पुष्कळ फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : शस्त्रक्रियेनंतर तळवे बधिर होणे स्वाभाविक असते, चरबी झपाट्याने उतरल्यामुळे नसा नव्या शरीराशी जुळवून घेत असतात, वर्षभरात ते आपोआप जाते, तोवर बी-कॉम्प्लेक्सची एक गोळी पुरते, रक्तात बी-१२ ठीक आले तर जीवनसत्त्वांचा प्रश्न उरत नाही, आणि मग तो जुन्या मधुमेहाचा परिणाम समजावा. हे लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे, आणि काही रुग्णांना त्यावर विसंबून थांबण्याची किंमत कायमच्या अपंगत्वाने मोजावी लागू शकते. म्हणून एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

‘स्वाभाविक’ या शब्दापासूनच सुरुवात करू. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या चेतारोगतज्ज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी शस्त्रक्रिया झालेल्या ४३५ रुग्णांपैकी ७१ जणांना, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांना, नसांचा काही ना काही विकार झाला. तुलनेसाठी घेतलेल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या स्थूल रुग्णांत हे प्रमाण ३ टक्के होते. या ७१ जणांपैकी निम्म्याहून अधिकांना एकाच नसेचा त्रास होता आणि त्यांत मनगटात नस दबण्याचे प्रमाण मोठे होते, हेही सांगितले पाहिजे. सर्वांचेच पाय बधिर झाले नव्हते. तरीही दोन गोष्टी उघड आहेत. हा विकार दुर्मीळ नाही, आणि बहुसंख्य रुग्णांना तो होतही नाही. तो कोणाला झाला, हे त्याहून बोलके आहे : ज्यांचे वजन फार वेगाने उतरले, ज्यांच्या उलट्या-मळमळ लांबली, ज्यांच्या रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घटले आणि जे आहारतज्ज्ञांच्या पाठपुराव्याला गेले नाहीत, त्यांना धोका अधिक होता. अशा विकाराला शरीराचा स्वाभाविक प्रवास म्हणता येत नाही. त्याचा बराचसा भाग टाळता येण्याजोगा आहे.

नसा ‘जुळवून घेतात’ अशी कोणतीही प्रक्रिया वैद्यकाला ठाऊक नाही. या कल्पनेत सत्याचा अंश असलाच तर तो एका ठिकाणी आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यावरून पायाची एक नस अगदी त्वचेखालून जाते. तिच्याभोवतीची चरबीची गादी विरघळली की पायावर पाय टाकून बसण्याने किंवा फार वेळ उकिडवे बसण्याने ती चेपली जाते. मग पावलाची वरची बाजू बधिर होते आणि चालताना पाऊल उचलत नाही, बोटे जमिनीला घासतात. हे सहसा एकाच पायाला होते. त्यावर उपाय म्हणजे दाब टाळणे, पाऊल सावरणारा आधारपट्टा वापरणे, नसेच्या वहनाची तपासणी करणे आणि सुधारणा दिसत नसेल तर नस मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करणे. याउलट दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर सरकणारा बधिरपणा दाबाने होत नाही. सर्वांत लांब नसांचे पोषण आधी तुटते आणि त्या नसा पावलांत संपतात, म्हणून तो तिथे सुरू होतो. कोणत्या पायाला, कुठून आणि किती दिवसांत, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय दिलेला धीर पोकळ ठरतो.

संदेशातला सर्वांत घातक सल्ला ‘वर्षभर थांबा’ हा आहे, आणि त्याचे कारण थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. शरीरात त्याचा साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतो आणि पुरवठा थांबला तर दोन-तीन आठवड्यांत तो संपत येतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत खाणे थोडे असते. त्यात उलट्या सुरू झाल्या तर पोटात गेलेली गोळीही बाहेर पडते. अशा माणसाचे पाय काही दिवसांत जळजळू लागतात, बधिर होतात, मग जिना चढताना गुडघे साथ सोडतात. हे चित्र कधी कधी गीयाँ-बारे या, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटणाऱ्या, वेगळ्याच आजाराशी इतके मिळतेजुळते असते की निदान चुकते. त्याच्या जोडीला एकाच्या दोन वस्तू दिसणे, डोळे थरथरणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ आला, तर मेंदूलाही इजा होऊ लागली आहे असे समजावे. ही तातडीची स्थिती आहे. येथे तपासणीच्या अहवालाची वाट पाहायची नसते. संशय आला की शिरेतून थायमिन मोठ्या मात्रेत सुरू करायचे असते. रोजची गरज एक-सव्वा मिलिग्रॅमची असली तरी मेंदूच्या लक्षणांत दिवसातून अनेकदा शेकडो मिलिग्रॅम दिले जाते. थायमिन देण्याआधी ग्लुकोजची बाटली लावली, तर उरलासुरला साठा साखर जाळण्यात खर्च होऊन प्रकृती अधिक बिघडू शकते. म्हणून सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाने रुग्णालयात पोचताच ‘यांची वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे’ हे वाक्य सर्वांआधी सांगावे. वेळेवर उपचार मिळाले तर सुधारणा चांगली होते. उशीर झाला तर स्मृती आणि चाल यांची हानी कायम राहू शकते.

आता बी-कॉम्प्लेक्सची गोळी. अन्नातून आलेले बी-१२ शोषले जाण्यासाठी जठराचे आम्ल आणि जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते. बायपास आणि स्लीव्ह हे वजनाच्या शस्त्रक्रियेचे दोन प्रचलित प्रकार. बायपासमध्ये अन्न जठराच्या मोठ्या भागाला वळसा घालून जाते, स्लीव्हमध्ये तो भाग काढूनच टाकलेला असतो. अशा रुग्णाला बी-१२ची मात्रा मोठी लागते : तोंडाने घ्यायचे तर रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, नाहीतर ठरावीक अंतराने इंजेक्शन. साध्या गोळीतली मात्रा अनेकदा याच्या आसपासही नसते. उलट अशा गोळ्यांत बी-६ भरपूर असू शकते आणि त्याचा अतिरेक स्वतःच पाय बधिर करतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली प्रौढांसाठी बी-६ची वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम ठेवली. अमेरिकेत ती १०० आहे. मल्टिव्हिटॅमिन, ‘नसांची गोळी’ आणि केसांची गोळी अशा तिन्हींत बी-६ असेल तर बेरीज कोणी करत नाही, आणि बधिरपणा वाढला की रुग्ण आणखी एक गोळी वाढवतो. फॉलिक ॲसिडबद्दलही सावध राहावे, कारण बी-१२च्या अभावाने होणारा रक्तक्षय त्याने सुधारतो, मात्र नसांची हानी चालूच राहते. रक्ताचा अहवाल चांगला दिसतो आणि पाय बिघडत जातात.

‘बी-१२ ठीक, म्हणजे सर्व ठीक’ हे विधानही टिकत नाही. यकृतातला बी-१२चा साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे पहिल्या वर्षीच्या चांगल्या अहवालावरून तिसऱ्या वर्षाची खात्री देता येत नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध आणि आम्ल कमी करणारी औषधे दीर्घकाळ घेतल्यास तो आणखी घटतो. शिवाय रक्तातला आकडा मर्यादेत असूनही पेशींना तुटवडा भासू शकतो. अशा वेळी मिथाइलमॅलोनिक ॲसिडची तपासणी करावी. मूत्रपिंड ठीक असेल तर ते वाढलेले असणे अभावाकडे बोट दाखवते.

पण मला अधिक काळजी वाटते ती तांब्याची, कारण त्याचे नाव फारच थोड्या रुग्णांनी ऐकलेले असते. तांबे मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. त्यात शस्त्रक्रियेनंतर तीन-चार महिन्यांनी केस गळू लागले की अनेकजण स्वतःहून जस्ताच्या (झिंकच्या) गोळ्या सुरू करतात. जस्त वाढले की आतड्याच्या पेशींत धातू बांधून ठेवणारे एक प्रथिन वाढते. ते तांब्याला पकडून ठेवते आणि पेशी झडल्या की तांबेही शरीराबाहेर जाते. म्हणूनच दर ८ ते १५ मिलिग्रॅम जस्तामागे १ मिलिग्रॅम तांबे असावे, असे तज्ज्ञ सांगतात. तांब्याच्या अभावाची लक्षणे बी-१२च्या अभावासारखीच असतात : पाय बधिर, चाल ताठ, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणे, सोबत रक्तक्षय आणि पांढऱ्या पेशींची घट. बी-१२ देऊनही चाल बिघडतच असेल, तर तांबे आणि जस्त दोन्ही मोजलेच पाहिजेत. जस्त थांबवून तांबे दिले की रक्त काही आठवड्यांत सुधारते. नसांची आणि मज्जारज्जूची हानी बहुधा थांबते, परंतु पूर्ण भरून येईलच असे नाही.

मधुमेहावर सारे ढकलणेही घाईचे आहे. शस्त्रक्रियेआधीपासून बधिरपणा असेल तर ते कारण संभवते, आणि साखर फार वेगाने खाली आल्यावर काही काळ वेदनादायक नसविकार होतो, हेही खरे. मात्र नव्याने सुरू झालेल्या किंवा झपाट्याने वाढणाऱ्या बधिरपणाला मधुमेहाचे नाव देण्याआधी वरील अभाव, थायरॉईड, मद्यपान आणि कंबरेच्या मणक्यातील दाब तपासावेत. बायपासनंतर मद्य फार लवकर रक्तात चढते, आणि हा प्रश्न डॉक्टरांनी संकोच न करता विचारावा.

नसांच्या वेदनेवर दिल्या जाणाऱ्या गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा ड्युलॉक्सेटिन या औषधांनी जळजळ आणि वेदना कमी होतात, बधिरपणा जात नाही. त्यामुळे आराम पडला म्हणून कारणाचा शोध थांबवू नये. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण बायपासनंतर जठर आणि आतडे जोडलेल्या जागी व्रण होण्याचा धोका असतो.

कारण सापडून उपचार सुरू झाले तरी धीर धरावाच लागतो. तुटलेला चेतातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे पावलांपर्यंत संवेदना परतायला महिनोन्महिने लागू शकतात. तोवर पाण्याची उष्णता पायाने न अजमावता कोपराने पाहावी, अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळवे उजेडात तपासावेत. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, केसांसाठीची आणि ताकदीचीही, एका पिशवीत घालून न्यावीत, आणि बधिरपणा कोणत्या तारखेला कोणत्या बोटापासून सुरू झाला ते लिहून न्यावे.