तटस्थ म्हणजे सुरक्षित? ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

स्पष्टवक्ता,

दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहिलेल्या आयर्लंडच्या खलाशांवरचा माझा लेख आपण वाचलात, आभार. तुमच्या प्रतिक्रियेतले ‘घरबसल्या समुद्राच्या गप्पा’ हे शब्द मात्र टाळता आले असते. मतभेद चालतात, हिणवणं नाही.

युद्धकाळातल्या आयर्लंडमधल्या चहाच्या रेशनवर लेखात मी जरा जास्तच रेंगाळलो, हे कबूल. ‘माणशी आठवड्याला अर्धा औंस’ एवढंच लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

पण ‘जे लढलेच नाहीत त्यांना कसला धोका?’ हे वाक्य झोंबलं. तटस्थ म्हणून ओळखू यावं यासाठी आयरिश जहाजांच्या दोन्ही अंगांवर देशाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असे, आणि रात्री दिवे लावून ती एकेकटी जात. बाकीचा अटलांटिक काळोखात लपून चाललेला असताना! नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीने ‘आयरिश पाइन’ हे जहाज बुडवलं. ३३ जण होते, एकही परतला नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये ‘केरलोग’ या आयरिश जहाजाला गोळ्यांनी भाजून काढलं ते ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांनी. कप्तान जबर जखमी. आता सांगा, सुरक्षित कोण?

दुरुस्त होऊन हेच केरलोग डिसेंबरात लिस्बनहून संत्री घेऊन निघालं. बिस्केच्या उपसागरात बुडालेल्या जर्मन युद्धनौकांचे खलाशी पाण्यात तरंगत होते. १४२ फुटांचं जहाज, १० माणसं. त्यांनी वर काढले १६८. इंजिनरूममध्ये इतकी दाटी, की इंजिनिअरला जागचं हलता येईना. खुणा करकरून एकेकाला सरकवत त्याने इंजिन चालू ठेवलं. माझे वडील मालवाहू जहाजावर ऑइलमन, म्हणजे इंजिनाला तेल घालणारे, होते. तिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरून उभं राहावं लागतं, हे ऐकत मी वाढलो. तुम्ही कशाच्या जोरावर बोलता?

ब्रिटिशांनी वेल्समधल्या फिशगार्ड बंदरात या म्हणून फर्मावलं. कप्तान डोनोह्यू यांनी जहाज आयर्लंडमधल्या कोव्ह बंदरातच नेलं. ‘नाझींना वाचवलं’ म्हणता? एप्रिल १९४१ मध्ये जर्मन विमानांनी झोडपलेल्या ब्रिटिश जहाज ‘वाइल्ड रोझ’च्या मदतीला धावलं तेही केरलोगच. ते तुमच्या वाचनात आलेलं दिसत नाही.

हिटलर मेल्यावर आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा जर्मन राजदूताकडे दुखवट्याला गेले, हे खरं. त्यात खलाशांचा काय संबंध? बाकी राजकारणाच्या मुद्द्यांना उत्तर देत नाही. माझा लेख त्यावर नव्हताच.