पूर्व जर्मनी कामगारांच्या लाडाने बुडाली म्हणे

आमचा दादा (चुलतभाऊ, पिंपरी-चिंचवडला आरसीसीची कॉन्ट्रॅक्टं घेतो) सेंटरिंगचे लोक गावाला निघून गेले की कम्युनिझमवर घसरतो. २०२५च्या फेब्रुवारीत एका बड्या बांधकाम कंपनीचे अध्यक्ष म्हणाले होते की सरकारी योजनांमुळे मजूर कामासाठी गाव सोडायला तयार होत नाहीत. हेच ते, आदल्या महिन्यात आठवड्याला ९० तास कामाचं बोलून गाजलेले. ती जुनी बातमी दादा अधूनमधून फॅमिली ग्रुपवर परत परत टाकतो, आणि यावेळी खाली स्वतःची भर घातली: "पूर्व जर्मनी हेच करून बुडाली. पक्क्या नोकऱ्या, युनियन, फुकटात घरं, मग काम कोण करणार? आपला पिंट्या तिथेच राहतो, विचारा त्याला."

सगळ्यांनी अंगठे दिले. मला कोणीही विचारलं नाही, पण साक्षीदार म्हणून माझं नाव घेतलंय तर साक्ष देतो.

मी मार्त्सानला राहतो, पूर्व बर्लिनची मोठी वस्ती. अकरा मजली प्लाटेनबाऊ (तयार काँक्रीटचे तुकडे जोडून बांधलेली इमारत), एस-बान म्हणजे लोकल दहा मिनिटांवर, खाली काउफलांड सुपरमार्केट. मित्र पलीकडे पश्चिमेच्या क्रॉयझबर्गमध्ये दुप्पट भाडं भरून ओल आलेल्या भिंती सांभाळतात आणि मला विचारतात की तिकडे कसा राहतोस रे. मस्त राहतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी ८०च्या दशकात क्रेन चालवायच्या, टॉवर क्रेन, याच वस्तीतले ब्लॉक त्यांनी उभे केलेत. दादाच्या साइटवर बाई असते ती डोक्यावर घमेलं घेऊन, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, इथे लिहितो.

तर पद्धत अशी होती. १९७३ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने ठरवलं की १९९० पर्यंत घरांचा प्रश्न संपवायचा. त्यासाठी डब्ल्यूबीएस ७० नावाचं मॉडेल, पहिला ब्लॉक १९७३ मध्येच नॉयब्रांडेनबुर्गला बांधला. कारखान्यात काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅब ओतायचे, एकेक तुकडा सहा टनांपर्यंत, खिडकी बसवूनच. ते ट्रकने साइटवर आणायचे, क्रेनने उचलायचे, वेल्डिंग करून जोडायचे. कागदावर झकास. आता कल्पना करा की पाचव्या मजल्याच्या भिंती आधी आल्या आणि चौथ्याच्या अजून कारखान्यात आहेत. किंवा भिंती आल्या, पण जोडायचं सामान नाही. क्रेन उभी, ब्रिगेड (कामगारांची टोळी) साइटवरच्या खोपटगाडीत बसून पत्ते खेळतेय. आजी सांगतात, महिन्याचा पहिला पंधरवडा वाट बघण्यात जायचा आणि दुसऱ्या पंधरवड्यात वरून फोनवर फोन, प्लॅन पूर्ण करा, मग रात्रपाळ्या, वाऱ्यात, बर्फात, आणि जे हातात येईल ते बसवायचं. फटीतून पाणी येईल ते नंतर बघू.

हा आळस आहे का? दादा, तुझा आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) ट्रक वाकडच्या पुलावर दोन तास अडकतो तेव्हा तुझीही माणसं तंबाखू मळत बसतात, त्याला तू ट्रॅफिक म्हणतोस. तिकडे अख्खा देशच त्या पुलावर अडकला होता आणि पूल कोणी बांधायचा हे बर्लिनमधलं एक ऑफिस पाच वर्षं आधी ठरवायचं.

हिशोब कसा ठेवायचे तेही बघा. मोजायचे काय, तर ताब्यात दिलेले फ्लॅट. मग फ्लॅट द्यायचा, रस्ता नंतर. मार्त्सानचं बांधकाम १९७७ ला सुरू झालं आणि पहिले रहिवासी गमबूट घालून बस पकडायला जायचे, हे इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडून ऐकायला मिळतं, चिखलाच्या गोष्टी ते आपल्याकडे पानशेतच्या पुराच्या सांगतात तितक्या जिव्हाळ्याने सांगतात. ऑक्टोबर १९८८ मध्ये पक्षप्रमुख होनेकरने बर्लिनच्याच होहेनशोनहाउझेनला तीस लाखाव्या फ्लॅटची किल्ली दिली. त्या तीस लाखांत डागडुजी केलेले जुने फ्लॅटही धरलेले होते. प्लॅन पूर्ण!

आणि हे बांधायला माणसं कुठून आणली? सगळ्या जिल्ह्यांतून बर्लिनला. लाइपत्सिगचे गवंडी, सुतार, प्लंबर राजधानी सजवायला, आणि तिकडे लाइपत्सिगचे जुने वाडे गळून गळून पडायला आले. दुरुस्तीला माणूस नाही, कौलं नाहीत, पन्हळीला पत्रा नाही. भाडं चौरस मीटरला साधारण एक मार्क, त्यातून दुरुस्ती तरी कशी होणार. मी नवीन होतो तेव्हा गोर्लिट्सला, लाइपत्सिगला रिकाम्या इमारती बघून वाटायचं युद्धात पडल्या असतील. युद्धात नाही पडल्या, शांततेत पडल्या.

आता दादाच्या "काम कोण करणार"चं उत्तर. काम संध्याकाळी व्हायचं. फायरआबेंटनंतर, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर, आणि शनिवार-रविवारी तोच गवंडी, जो दिवसभर सिमेंटची वाट बघत बसला होता, कोणाच्या तरी दाचेची (गावाबाहेरच्या छोट्या घराची) भिंत दोन दिवसांत उभी करायचा. सिमेंट कुठून यायचं विचारू नका. "होनेकर म्हणतातच ना, आपल्या कारखान्यांतून अजून बरंच काही बाहेर काढता येईल" असा तेव्हाचा विनोद. म्हणजे हात आळशी नव्हते. दिवसा त्या हातांना सामान नव्हतं, आणि कोणी नीट केलं काय, बिघडवलं काय, फरक पडत नव्हता.

आणि हो, सिमेंटवरून एवढं हसू नका. कराडचं आमचं घर बांधलं तेव्हा अप्पांनी परमिटच्या सिमेंटसाठी किती खेटे घातले ते दादाला माहीत आहे, त्याच्याच वडिलांनी ओळख काढून दिली होती. सिमेंटच्या कोट्यावरूनच अंतुल्यांना जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं ना? तेव्हा महाराष्ट्रात कम्युनिझम नव्हता. सहकार होता, काँग्रेस होती, परमिट होतं, आणि पोतं कुठे वळायचं हे ठरवणारा माणूस होता. पुढच्याच महिन्यात सिमेंट थोडं मोकळं झालं, १९८९ ला पूर्ण. तो माणूस तिकडेही होता, इकडेही होता, आणि पूर्व जर्मनीचं काय चुकलं हे समजून घ्यायचं तर मजुरापेक्षा आधी त्या माणसाकडे बघावं लागतं.

पण दादाच्या मेसेजमधला माझ्या डोक्यात गेलेला शब्द वेगळाच. युनियन.

पूर्व जर्मनीत युनियन होती, एकच, पक्षाची. ती काय करायची? सुट्टीत बाल्टिकच्या किनाऱ्यावर हॉलिडे होमचं बुकिंग करून द्यायची आणि प्लॅन पूर्ण करा म्हणून भाषणं द्यायची. १९४९ च्या घटनेत संपाचा हक्क होता, १९६८ च्या नव्या घटनेत तो गायब. आणि मधल्या काळात काय झालं? पूर्व बर्लिनचा हमरस्ता श्टालिनआले, आजची कार्ल-मार्क्स-आले. कामगारांचे महाल बांधायचे म्हणून रस्ता काढलेला, टाइल्स लावलेल्या आठ-दहा मजली इमारती, सगळ्या पेपरांत फोटो. मे १९५३ च्या शेवटी सरकारने नॉर्म (ठरवून दिलेलं काम) किमान १० टक्क्यांनी वाढवला, म्हणजे त्याच पैशात जास्त विटा, नाहीतर पगाराला कात्री. मुदत ३० जून, त्या दिवशी तेव्हाचा पक्षप्रमुख उलब्रिख्टचा साठावा वाढदिवस, ही भेट. बरं, जूनमध्ये सरकारने एकदम नमतं घेतलं, चुका झाल्या म्हणे, शेतकऱ्यांना सवलत, दुकानदारांना सवलत, चर्चला सवलत. गवंड्यांचा नॉर्म तेवढा तसाच. १६ जूनला युनियनच्या पेपरात लेख आला की नॉर्म वाढवला तो योग्यच. युनियनच्या पेपरात!

त्याच दिवशी श्टालिनआलेच्या ब्लॉक ४० वरचे गवंडी खाली उतरले आणि लाइपत्सिगर श्ट्रासेवरच्या मंत्रालयाकडे चालत निघाले, वाटेत माणसं वाढत गेली. मंत्री झेल्बमान बाहेर येऊन टेबलावर चढून समजावत होता, कोणी ऐकेना. नॉर्म मागे घेतला, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी साधारण दहा लाख लोक रस्त्यावर, शेकडो गावांत, मग रशियन रणगाडे. किमान ५५ माणसं गेली.

दादा, कामगारांच्या राज्याविरुद्ध उभा राहिलेला पहिला माणूस हातात थापी असलेला होता. लाड चालले असते तर तो कशाला उतरला असता परांचीवरून?

आता दुसऱ्या बाजूचं पण सांगतो, कारण ही पोस्ट वाचून शाळेच्या ग्रुपवरचा आमचा लाल मित्र खूश होईल. तो मार्त्सानचे फोटो टाकतो आणि खाली लिहितो "बिल्डर नाही, झोपडपट्टी नाही, सरकारने बांधलं तर असं." अरे, झोपडपट्टी नाही हे खरं. आजी आधी बर्लिनच्या जुन्या भागात, प्रेंत्सलाउअर बेर्गला राहायच्या, कोळशाची शेगडी, संडास जिन्यात, चार घरांत एक. इथे आल्या तेव्हा नळाला गरम पाणी होतं, ते सांगताना अजून त्यांचा आवाज बदलतो. हे मी कोणालाही हसण्यावारी नेऊ देणार नाही. पण त्याच्या फोटोत मुक्रान नसतं. बंदूक घ्यायला नकार देणाऱ्या पोरांना १९६४ पासून सैन्यातच वेगळ्या तुकड्यांत टाकून बांधकामाला लावायचे, खांद्यावर फावड्याचं चिन्ह. रुगेन बेटावरचं मुक्रानचं फेरी बंदर ८० च्या दशकात अशा पोरांकडून घाम काढून बांधून घेतलं. आणि पालास्ट देर रेपुब्लीक, राजधानीची शान, आत हजारो टन अ‍ॅस्बेस्टॉस फवारलेला. फवारणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचा प्लॅन कोणी केला होता?

मला हे सगळं एवढं का लागतं, मी तर कराडचा. ऑफिसात पश्चिमेच्या श्टुटगार्टचा एक कलीग आहे, तो जेवताना अगदी दादाच्या सुरात बोलतो, तिकडे कोणी काम करायचंच नाही, आम्ही सोली (पूर्वेला उभं करायला लावलेला जादा कर) भरून भरून दमलो. त्याला मी दरवेळी उलट बोलतो, आणि बोलताना माझ्या तोंडून "आम्ही" निघतं. आम्ही म्हणजे कोण? मी आलो तेव्हा भिंत पडून कितीतरी वर्षं झाली होती. पण दुसऱ्याने येऊन आपल्या आईबापांच्या आयुष्याचा निकाल लावायचा आणि आपण मान डोलवायची, हे मला ओळखीचं आहे, तोच कलीग भारताबद्दलही असंच बोलतो. आणि ज्यांची बाजू घेऊन मी भांडतो त्यांच्या मार्त्सानमधून २०२५ ला एएफडीचा (परदेशातून आलेल्यांच्या विरोधातल्या उजव्या पक्षाचा) माणूस थेट निवडून आला. आजी म्हणाल्या, तुमच्याबद्दल नाही हो ते. दादाही बिहारी मजुरांबद्दल बोलून झाल्यावर समोरच्या बिहारी मुकादमाला हेच म्हणतो.

आणि इथे सगळं सुतासारखं सरळ आहे असंही नाही, नाहीतर लगेच म्हणाल फॉरेनचा माज. ज्या मंत्रालयापुढे १९५३ ला गवंडी उभे राहिले, तिथून रस्ता ओलांडला की मॉल ऑफ बर्लिन. २०१४ ला उघडला. बांधणाऱ्या रोमानियन कामगारांचे पैसे बुडवले सबकॉन्ट्रॅक्टरांनी. ते मॉलच्या दारात फलक घेऊन उभे राहिले, कोर्टात गेले, सबकॉन्ट्रॅक्टरांविरुद्ध जिंकलेही, तर त्या कंपन्या दिवाळखोर. मग गुंतवणूकदाराकडे मागितले, २०१९ ला वरच्या कामगार न्यायालयाने सांगितलं तो जबाबदार नाही. फरक एवढाच की रणगाडे आले नाहीत. एवढाच म्हणतोय, पण तो फार मोठा फरक आहे, आणि आपल्याकडे तोच कमी करत आणायचं चाललंय, आता नव्या लेबर कोडमध्ये संपाआधी नोटीस सगळ्याच उद्योगांना सक्तीची. पण नाक्यावरचा मजूर नोटीस देणार कोणाला? बांधकाम कामगार मंडळात नाव घालायचं तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की तो आपला माणूस ठरतो. दादा, तू देतोस का रे? मंडळाकडून भांड्यांचा सेट मिळतो म्हणून तू चेष्टा करतोस, तो सेट मिळायलाही तुझीच सही लागते.

यावर दादाने मला वेगळा मेसेज केला, ग्रुपवर नाही. "तुझा पुनावळ्याचा फ्लॅट वेळेत हवाय ना? मग कशाला मजुरांची वकिली करतोस?" हवाय. बाराव्या मजल्यावर आहे, बायकोला ईस्ट फेसिंग पाहिजे होता. तिथे परत राहायला जाणार का, माहीत नाही, पण कराडचं घर विकल्यावर महाराष्ट्रात माझ्या नावाचं काहीतरी असावं असं वाटलं म्हणून घेतला. साइटच्या मागे पत्र्याच्या शेड आहेत, व्हिडिओ कॉलवर सेल्सवाला कॅमेरा तिकडे वळू देत नाही.

पुढचा हप्ता स्लॅब पडल्यावर आहे. डिमांड लेटर आलं की मी विचारणारे, स्लॅब टाकणाऱ्यांची मंडळात नोंदणी झालीये का, यादी पाठवा. तो म्हणेल, सर तुम्ही जर्मनीत राहता ना, म्हणून तुम्हाला असलं सुचतं. म्हणू दे, खोटं काय आहे त्यात.