न्यूरोइमेजवाला तो फॉरवर्ड, एकदाचं लिहूनच टाकतो

नातेवाइकांच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला, की मेंदूवरच्या संशोधनाचं नंबर वन जर्नल न्यूरोइमेज, तिथे खोटं संशोधन पकडलं गेलं म्हणून 40 संपादक सोडून गेले, मेलेला मासा विचार करतो हे पण यांनीच छापलेलं, आता जर्नल बंद, ब्रेन स्कॅन वगैरे सगळं थोतांड. यातला 40 चा आकडा तेवढा खरा.

राजीनामे झाले, एप्रिल 2023 ला, 40 हून जास्तच. पण खोट्या संशोधनाचा संबंधच नाही हो, भांडण पैशाचं होतं! 2020 पासून हे जर्नल कुणालाही फुकट वाचता येतं, मग बिल कुणाच्या नावावर तर पेपर लिहिणाऱ्याच्या, आणि हे जर्नल छापणाऱ्या एल्सेव्हिअर कंपनीने रेट लावलेला एका पेपरला 3,450 डॉलर, म्हणजे तेव्हाचे पावणेतीन लाख रुपयांच्या वर. आपल्याकडे जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप, 2023 ला महिना 37,000 रुपये होती, करा हिशोब. संपादक म्हणाले 2,000 डॉलरच्या खाली आणा, कंपनी ढिम्म, मग मुख्य संपादक, ऑक्सफर्डचे स्टीफन स्मिथ आणि अख्खी टीमच उठली आणि एमआयटी प्रेस या प्रकाशनाकडे जाऊन इमेजिंग न्यूरोसायन्स हे नवं जर्नल सुरू केलं, सुरुवातीची फी 1,600 डॉलर.

यावर काकांचं उत्तर, "अरे पण तपासणाऱ्या तज्ज्ञांना पैसे द्यावे लागत असतील ना." नाही ओ काका, हे तज्ज्ञ, म्हणजे रिव्ह्यूअर, फुकट काम करतात, रागाचं एक कारण तेही होतं. आणि ते काही प्रयोग परत करून बघत नाहीत, पद्धत आणि आकडेमोड वाचून खोड्या काढतात, त्यामुळे ही तपासणी, म्हणजे पीअर रिव्ह्यू, म्हणजे आयएसआयचा शिक्का पण नाही.

आता मासा. 2009 ला क्रेग बेनेट आणि मंडळींनी मेलेला सॅमन मुद्दाम स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवून विचारलं की सांग बाबा, यांना काय वाटत असेल (खरंच विचारलं!), आणि स्कॅनमध्ये मेंदूत दोन-चार ठिपके "पेटले", म्हणजे तिथे मेंदू काम करतोय असं दिसलं. कारण सरळ आहे, हजारो ठिपके एकदम तपासले की काही नुसत्या योगायोगाने पॉझिटिव्ह येणारच, त्याची दुरुस्ती गणितात केली की ठिपके गायब. हेच दाखवायचं होतं, की दुरुस्ती न करता पेपर पाठवू नका रे. म्हणजे ज्याला थोतांड म्हणताय ती यांनी स्वतःच्याच लोकांची घेतलेली शाळा होती, आणि न्यूरोइमेजच्या पुरवणीत तिचा फक्त परिषदेतला सारांश आला होता, पूर्ण पेपर दुसऱ्याच जर्नलमध्ये.

बंद म्हणे! नवीन संपादक घेऊन चालूये की.