फक्त तार बदलून अ‍ॅल्युमिनियम जुळत नाही

वेल्डिंगबद्दलचा एक संदेश गेले काही महिने फोनवरून फिरतो आहे. मला तो तिघांनी पाठवला. त्यातला एक माझा पुतण्या, आणि तो त्याच भरवशावर मशीन घ्यायला निघाला होता. मजकूर असा: "घरी लोखंडाचं मिग मशीन असेल तर पातळ अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळं काही लागत नाही. फक्त तार बदला. गॅस तोच चालतो. पत्रा पातळ, म्हणून करंट कमी ठेवा. मळ आर्कमध्ये आपोआप जळतो. जोड मूळ धातूपेक्षा पक्का होतो."

मिग म्हणजे ज्यात गनमधून तार आपोआप पुढे येते, आर्क (विजेची सलग ठिणगी) तिला वितळवतो आणि भोवती हवा रोखायला गॅस सुटतो ते वेल्डिंग. घरच्या सिंगल फेज मशीनवर दोन-तीन मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम जोडता येतं, हे खरं आहे. फोंड्याजवळच्या माझ्या घरामागच्या शेडमध्ये मी ते करतो. पण संदेशातल्या पुढच्या पाच सूचना पाळल्या तर ते जमणार नाही. म्हणून एकेक घेतो.

गॅसपासून सुरू करतो, कारण ही चूक आपल्या बोलण्यातूनच आली आहे. वर्कशॉपमध्ये मिगला सगळे "सीओटू" म्हणतात आणि टिगला (यात टंगस्टनच्या सुईने आर्क लावतात) "आर्गन". त्यामुळे नव्या मुलाला वाटतं की मिग म्हणजे कार्बन डायऑक्साइडच. लोखंडाला तो चालतो. आर्कच्या उष्णतेत तो फुटून ऑक्सिजन सुटतो, पण लोखंडाच्या तारेत सिलिकॉन आणि मँगनीज घातलेलं असतं, ते हा ऑक्सिजन पकडतात. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेत अशी सोय नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमला तर ऑक्सिजनची ओढ फार. हाती येते काळी काजळी आणि खाली भुसभुशीत धातू. आर्गन आणि सीओटूचं मिश्रणही नको. शंभर टक्के आर्गन लागतो, मिनिटाला साधारण १५ लिटर. दहा लिटरचा सिलिंडर १५० बार दाबाने भरलेला असेल तर त्यात सुमारे १५०० लिटर गॅस मावतो, म्हणजे बटण दाबून धरल्याचे १०० मिनिटं. खर्चाचा हिशेब आधीच करा. "गॅसलेस" म्हणून दुकानात मिळते ती तार लोखंडाची असते, तिचा इथे उपयोग नाही. आणि ती वापरताना मशीनची पोलॅरिटी (गन पॉझिटिव्हला की निगेटिव्हला, ते) उलटी केली असेल तर आधी पूर्ववत करा. अ‍ॅल्युमिनियमला गन पॉझिटिव्हलाच हवी.

"फक्त तार बदला" या तीन शब्दांनी कितीजणांची तार वाया गेली असेल. अ‍ॅल्युमिनियमची तार मऊ. तार पुढे ढकलणारा, लोखंडासाठीचा व्ही खाचेचा रोलर तिला चेपतो, लायनरच्या (केबलमधल्या तारेच्या नळीच्या) आतली स्टीलची गुंडाळी तिला खरवडते, पुढे गनच्या टोकाच्या टिपमध्ये ती अडकते आणि मागे रोलरपाशी तारेचा गुंता होतो. यू खाचेचा रोलर, टेफ्लॉनचा लायनर आणि अ‍ॅल्युमिनियमसाठीची टिप, एवढं बदलावंच लागतं. तार तापून फुगते, म्हणून टिपचं भोक जरा मोठं असावं. रोलरचा दाब तार घसरणार नाही इतकाच. गनची केबल जितकी आखूड आणि सरळ, तितकं बरं. स्पूल गन मिळाली तर ही सगळी कटकटच मिटते, कारण तारेचं छोटं रीळ गनवरच बसतं.

तार कोणती, हेही संदेशात नाही. दुकानात तार मिश्रधातूच्या क्रमांकाने मिळते. ४०४३ मध्ये सुमारे पाच टक्के सिलिकॉन असतं. ती छान वाहते, पण आणखी मऊ. ५३५६ मध्ये पाच टक्के मॅग्नेशियम, त्यामुळे ती ताठ, साध्या फीडरमधून सरळ निघते. घरच्या मशीनवर सुरुवात मी ५३५६ ने करायला सांगेन. तिच्याने वेल्डच्या कडेला थोडी काजळी येते. फडक्याने पुसून गेली तर तो दोष समजू नका.

करंट कमी ठेवायचा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण अ‍ॅल्युमिनियम उष्णता लोखंडाच्या तिप्पट-चौपट वेगाने पसरवतं. कमी करंटवर तार वितळून पत्र्यावर बसते, पत्रा मात्र खाली थंडच राहतो. वरून वेल्ड दिसतो, नखाने उचकटावा तसा निघून येतो. घाबरलेला माणूस मग तिथेच थांबून राहतो, उष्णता साठत जाते, आणि अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशांच्या आसपास एकदम ढासळतं आणि भोक पडतं. करायचं याच्या उलट: करंट चढा आणि हात भरभर. गन ओढायची नाही, पुढे ढकलत न्यायची, दहा-पंधरा अंश कलवून. एका दमात बोटभर लांबी, मग दुसरीकडे, तोवर पहिलं निवतं. जोडाखाली तांब्याची जाड पट्टी दाबून धरली तर ती जास्तीची उष्णता ओढून घेते. फट अजिबात ठेवू नका. शेवटी बटण पटकन सोडलं तर खड्डा राहतो आणि तिथूनच तडा जातो, म्हणून क्षणभर मागे येऊन खड्डा भरा. दीड मिलिमीटरच्या खाली पल्सची (करंट झपाझप कमी-जास्त करण्याची) सोय नसलेल्या मशीनवर मी हात घालत नाही.

आता मळ. इथे माझं स्वतःचं नुकसान झालं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो. धातू ६६० अंशांना वितळतो, हा थर २००० अंशांच्याही वर. तो आपोआप जळत नाही. गन पॉझिटिव्ह असली की आर्क त्याला थोडाफार फोडतो, पण जुनाट जाड थर त्याला आवरत नाही. तेल आणि ओल तर त्याहून वाईट, कारण त्यातून हायड्रोजन सुटतो. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन भरपूर शोषतं, आणि गोठताना त्याला तो जवळजवळ सगळा टाकावा लागतो. बाहेर पडायला वेळ न मिळालेला वायू आतच बुडबुडे होऊन राहतो.

एकदा जुलैत मी शेजारच्या रापणकाराला (रापण ओढणाऱ्या मच्छीमाराला) बर्फाची पेटी करून दिली. वेल्ड दिसायला सुरेख होता. पाणी भरलं आणि तासाभरात सगळ्या कडांना घाम फुटला. ग्राइंडरने कापून पाहिलं तर आत आंबोळीसारखी जाळी. तारेचं रीळ जूनपासून मशीनवर उघडंच होतं, पत्रा ओसरीवर पडलेला. गोव्याच्या पावसाळ्यात एवढं पुरतं. पेटी मी पुन्हा नव्याने केली.

तेव्हापासून क्रम ठरलेला. आधी अ‍ॅसिटोनने तेल पुसायचं, ते पूर्ण उडू द्यायचं, मग स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं. क्रम उलटला तर ब्रश तेल धातूत रगडतो. तो ब्रश लोखंडाला कधीच लावायचा नाही. रीळ काम संपताच सिलिका जेलसह बंद डब्यात. पत्रा आदल्या दिवशी शेडमध्ये आणून ठेवायचा. पंखा बंद, आणि समुद्रावरचा वारा सुटला तर आडोसा, नाहीतर आर्गन उडून जातो. ब्रेक क्लीनर मात्र वापरू नका. क्लोरीन असलेला क्लीनर आर्कजवळ आला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

शेवटचा दावा सगळ्यांत घातक: जोड मूळ धातूपेक्षा पक्का. शिड्यांना आणि स्लायडिंगच्या सेक्शनना वापरतात ते ६००० मालिकेतलं अ‍ॅल्युमिनियम उष्णोपचाराने मजबूत केलेलं असतं. वेल्डिंगची उष्णता ती मजबुती जोडाशेजारच्या पट्ट्यात उतरवते. ६०६१-टी६ घेतलं तर तिथली ताकद साधारण चाळीस टक्क्यांनी घटते. वेल्ड कितीही जाड भरा, कमजोर जागा त्याच्या बाजूला असते. म्हणून चवथीच्या मखराचा सांगाडा, ट्रे, झाकणं घरी खुशाल करा. तुकडे जोडून व्हाइसमध्ये धरा, हातोड्याने वाकवून बघा, वेल्ड उपटला नाही तर पुढे चला. डिझेलची वापरलेली टाकी मात्र कितीही धुतलेली असली तरी घेऊ नका. आतली वाफ पेटून माणसं मेली आहेत.

या चवथीआधी एक पाडेली (माडावरून नारळ पाडणारा) त्याची अ‍ॅल्युमिनियमची शिडी घेऊन आला होता. तोच संदेश वाचून कोणीतरी तिची वरची पायरी जोडून दिली होती. मी अंगठ्याने दाबली आणि एका बाजूचा वेल्ड सुटला. खाली आर्क लागल्याची खूणही नव्हती. नवी शिडी घे, असं त्याला सांगितलं, आणि त्याच्याच देखत जुनीच्या वरच्या दोन पायऱ्या कापून टाकल्या, म्हणजे ती आणखी कोणी माडाला लावायला नको.