प्रतिक्रियेला उत्तर: स्क्रूला माझा विरोध नाही, पण आत काय घालतायत ते विचारा

नमस्कार दादा, तुमची कॉमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की मणक्याच्या ऑपरेशनवरच्या माझ्या लेखात मी पेशंटना घाबरवतोय, अमेरिकेतली इन्फ्यूजची (मणके जोडताना हाड वाढावं म्हणून आत घालतात त्या उत्पादनाची) जुनी भानगड उकरून काढायची गरज नव्हती, एफडीएची (अमेरिकेतल्या औषध-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता होती म्हणजे विषय संपला, आणि तुमच्या आईंचं एल४-एल५ चं फ्युजन (कमरेचे चौथा-पाचवा मणके जोडायचं ऑपरेशन) झाल्यापासून त्या छान चालताफिरतायत. आईंचं वाचून खरंच बरं वाटलं.

स्क्रू-रॉडच्या विरोधात मी एक ओळही लिहिलेली नाही. मणका सरकलाय, नस दाबली जाऊन पायातली ताकद कमी होत चाललीय अशा वेळी ऑपरेशन टाळत बसणं फार महागात पडतं. पण दादा, टायटॅनियमचे स्क्रू मणके जोडत नाहीत हो, ते फक्त धरून ठेवतात, स्लॅब भरल्यावर सेंट्रिंग धरून ठेवतं ना तसं. जोडतं ते हाड, आणि ते भरून यायला कित्येक महिने जातात. हाड भरलंच नाही तर रोजच्या उठण्या-वाकण्याने स्क्रू आतल्या आत हलायला लागतो, एक्सरेत त्याच्याभोवती काळी कड दिसते, कधी रॉडच तुटतो.

म्हणून तर मी इन्फ्यूजवर एवढं लिहिलं. हाड भरावं म्हणून पेशंटच्याच कमरेच्या हाडातून तुकडे काढून घालायची जुनी पद्धत, त्यात ती जागा बरेच दिवस ठणकते. मेडट्रॉनिक या अमेरिकन कंपनीने त्यावर उपाय आणला, तोच इन्फ्यूज: बीएमपी-२ नावाचं प्रोटीन, कोलॅजनच्या स्पंजमध्ये भिजवून केजमध्ये (दोन मणक्यांच्या मधे बसवायच्या पोकळ चौकटीत) ठेवायचं म्हणजे तिथे नवं हाड तयार होतं. कल्पना उत्तम, मला आजही तसंच वाटतं. पण २००२ साली एफडीएने मान्यता दिली ती कशाला? कमरेच्या मणक्यात, पोटाच्या बाजूने जाऊन, ठरावीक केजमध्ये घालायला. बास. वापरलं गेलं मात्र पाठीमागून, मानेत, कुठेकुठे. मानेत सूज येऊन श्वास अडकायच्या केसेस यायला लागल्या आणि जुलै २००८ मध्ये त्याच एफडीएला इशारा काढावा लागला. म्हणजे मान्यता होती हे खरं, पण कुठल्या वापराला होती हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

आणि मला खरा संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. कंपनीच्या पैशावर झालेले १३ अभ्यास, ७८० पेशंट, आणि या प्रोटीनमुळे झालेला त्रास म्हणून छापलेला आकडा शून्य! २०११ मध्ये स्टॅनफर्डचे सर्जन युजीन कॅरागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एफडीएकडची कागदपत्रं शेजारी ठेवून दाखवलं की कुठे आणि कसं वापरलं त्यानुसार त्रासाचं प्रमाण १० ते ५० टक्के निघतं. २०१२ च्या अमेरिकन सिनेटच्या (तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) कमिटीच्या रिपोर्टात आलं की १९९६ ते २०१० या काळात कंपनीने त्या पेपरांच्या लेखक डॉक्टरांना रॉयल्टी, सल्ल्याची फी वगैरे धरून सुमारे २१ कोटी डॉलर दिले, शिवाय पेपरांचे मसुदे कंपनीची माणसं दुरुस्त करत होती, आणि एका मेलमध्ये तर त्रासांची पूर्ण यादी छापू नका असंच सुचवलेलं. कंपनीने गैरप्रकार नाकारला. त्याआधी २०११ मध्येच तिने सगळा डेटा येल विद्यापीठाकडे तपासायला द्यायचं ठरवलं होतं, हे मात्र चांगलं केलं, आणि २०१३ मध्ये दोन स्वतंत्र टीमनी सांगितलं की पेशंटच्या स्वतःच्या हाडापेक्षा याचा म्हणावा तसा जास्त फायदा दिसत नाही.

एवढं सगळं बाहेर यायला ११ वर्षं गेली आणि तोवर ते लाखो लोकांच्या पाठीत जाऊन बसलं होतं. याला तुम्ही जुनी भानगड म्हणता, मला नाही म्हणवत. सही करण्याआधी पेशंटने सर्जनना विचारावं की हाड कुठून घेणार, त्याऐवजी काही घालणार असाल तर या जागेसाठी त्याला मान्यता आहे का, आणि पाकिटावरचा लॉट नंबरचा स्टिकर माझ्या फाइलमध्ये लावा. यात डॉक्टरांचा अपमान कसला? चांगले सर्जन स्वतःहून सांगतात.

आता शेवटी तुम्ही विचारलंय की आईंचे स्क्रू पुढे काढावे लागतील का. सहसा नाही. इन्फेक्शन झालं, स्क्रू ढिला झाला किंवा टोचायला लागला तरच काढतात. टायटॅनियम असेल तर एमआरआयही बहुतेक वेळा करता येतो, फक्त स्क्रूच्या आजूबाजूचं चित्र बिघडतं, तेव्हा आधी टेक्निशियनला सांगा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.