आजार रेड्याला, औषध पखालीला : घरातलं खुंटलेलं झाड आणि खताचा सल्ला

"घरात वाढवलेलं झाड खुंटलं म्हणजे ते उपाशी आहे. पानं पिवळी पडली की नायट्रोजन कमी आहे असं समजा. खत दुप्पट करा, एप्सम सॉल्ट फवारा, कुंडी मोठी करा, पाणी रोज द्या. आठ दिवसांत फरक दिसेल." थोड्याफार फरकाने हा सल्ला सगळीकडे फिरत असतो. मीही तो एकदा इमानेइतबारे पाळला आणि एलईडीच्या दिव्याखाली छान चाललेलं मिरचीचं रोप हाताने मारलं. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेऊन बोलतो.

"झाड उपाशी आहे." सगळा घोळ इथूनच सुरू होतो. खत म्हणजे झाडाचं जेवण, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच वाटतं. व्हॅन हेल्मोंट नावाच्या संशोधकाने 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं. माती वाळवून पुन्हा तोलली, तर ती जेमतेम 2 औंस कमी भरली. हा प्रयोग 1648 मध्ये छापून आला. झाडाचं वजन पाण्यातून आलं असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धवटच होता, कारण झाड हवेतून कार्बन घेतं याचा तेव्हा कुणाला पत्ता नव्हता. पण मातीतून झाड किती थोडं उचलतं, हे त्या दोन औंसांत दिसतं. झाड आपलं अन्न उजेडात स्वतः बनवतं. खतातून त्याला लागतात ते क्षार, म्हणजे स्वयंपाकातल्या मिठासारखे. चूल पेटलेली नसताना मीठ वाढवून काय होणार?

घरात ही चूल बहुतेक वेळा मंदच असते. भर दुपारी उन्हात साधारण 1,00,000 लक्स उजेड असतो. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत तो बऱ्याचदा काही शे लक्सवर येतो. आपल्या डोळ्यांना ती खोली लख्ख वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. पानांना ती सोय नाही. उजेड मोजायचं यंत्र नसेल तर दुपारी पानांच्या वर फूटभर अंतरावर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर उजेड चांगला आहे. सावली पुसट असेल तर सावलीतली झाडं चालतील. सावली पडतच नसेल तर खताची बाटली खाली ठेवा.

दिवा लावणाऱ्यांनी आणखी एक बघावं. खोक्यावरचा वॉटचा आकडा पुष्कळदा 'इतक्या वॉटच्या जुन्या दिव्याच्या तोडीचा' या अर्थाने छापलेला असतो. दिवा प्रत्यक्षात वीज किती खेचतो, तो आकडा वेगळा आणि बराच लहान असतो.

मुळात 'खुंटलं' हा शब्दच आपण ढिलेपणाने वापरतो. खोडावर पानं फुटतात त्या दोन सांध्यांमधला भाग, म्हणजे पेर, बघा. पेरं लांब, खोड बारीक, झाड एका बाजूला कललेलं असेल तर ते उजेडाच्या शोधात निघालंय. पेरं एकमेकांना चिकटलेली, वरची पानं फिकट आणि कडा वर वळलेल्या, पण खालची पानं ठीक असतील, तर उलटा संशय घ्या. दिवा फार जवळ आला असेल. दोन्ही झाडांना लोक 'वाढत नाही' असंच म्हणतात आणि दोन्हींना खत घालतात.

"पानं पिवळी म्हणजे नायट्रोजन कमी." अर्धसत्य आहे, म्हणूनच जास्त घातक. पान पिवळं आहे का, यापेक्षा कुठलं पान पिवळं आहे हे बघायचं. नायट्रोजन झाडाच्या अंगात हलवता येतो. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून तो काढून शेंड्याला देतं. त्यामुळे सगळ्यात खालची पानं आधी फिकी होतात, आणि अख्खं पान एकसारखं फिकं होतं. मॅग्नेशियमही हलतं, पण तिथे खालच्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. लोह हलत नाही. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्यागार असतील तर बोट लोहाकडे दाखवावं. गंमत म्हणजे मातीत लोह असूनही असं होतं. क्षार जास्त असलेलं जड पाणी वर्षभर घातलं की मातीचा सामू (pH) चढतो आणि लोह मुळांना घेता येत नाही. अशा वेळी नायट्रोजन ओतून काहीच साधत नाही. आणि पाण्याने गुदमरलेली मुळं असली तरी खालची पानं पिवळी पडतात, म्हणजे नुसत्या पानांवर निदान होतच नाही.

"एप्सम सॉल्ट फवारा." एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी असेल तर उपयोगी, नसेल तर नाही. त्यात नायट्रोजन नाही, लोहही नाही. वारंवार मुळाशी घातलं तर कॅल्शियम घेताना मुळांची अडचण होते. इतकंच.

"खत दुप्पट करा." मिरची मी इथेच मारली. रोप वीतभर झालं आणि थांबलं. मी खत दिलं. दहा दिवसांनी पुन्हा, जरा घट्ट करून. मग तिसऱ्यांदा. पानांची टोकं तपकिरी होऊन कुरकुरीत झाली. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी खरपुडी धरली, नखाने खरवडली की भुकटी पडायची. मी तिला बुरशी समजलो! ते साठलेलं खत होतं. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते पाणी ओढून घेणं जड जातं. कुंडी ओली आणि झाड तहानलेलं, असा प्रकार होतो. अशा वेळी खत बंद करून साधं पाणी भरपूर, कुंडीच्या दुपटीइतकं, हळूहळू सोडायचं आणि खालून निथळू द्यायचं. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं, नाहीतर धुतलेले क्षार पुन्हा वर चढतात.

"पाणी रोज द्या." शेती करणाऱ्या माणसाला वाफसा शब्द शिकवावा लागत नाही. ओल आहे आणि हवाही आहे, अशी मातीची अवस्था. रोज पाणी घातलेल्या कुंडीत वाफसा कधी येतच नाही. मुळांना श्वासाला ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यातून तो हवेच्या तुलनेत साधारण 10,000 पट हळू सरकतो. मुळं गुदमरली की पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड मान टाकतं. दिसायला हे तहानेसारखंच, म्हणून आपण आणखी पाणी घालतो.

माझं ऐकाल तर झाड कुंडीतून बाहेर काढा. लोक याला फार घाबरतात. आदल्या दिवशी पाणी देऊ नका, कुंडी आडवी धरून बाजूंनी थापटा, खोड बोटांमध्ये धरून गड्डा अलगद सरकवा. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात. काही झाडांची मुळातच पिवळसर किंवा केशरी असतात, त्याने दचकू नका. कुजलेली मुळं तपकिरी, लिबलिबीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. वासही येतो, तुंबलेल्या गटारासारखा. माझ्या मिरचीचं खालचं अर्धं मूळ असं झालं होतं. वरची माती कोरडी, तळाशी चिखल. बोट खुपसून मला फक्त वरचे दोन इंच कळत होते. तेव्हापासून मी कुंडी उचलून वजनावर ठरवतो. पाणी दिल्यावरची आणि कोरडी, दोन्ही वजनं हाताला आठवड्याभरात पाठ होतात.

"कुंडी मोठी करा." मुळं कडेने गोल फिरून जाळं झालं असेल तर जरूर करा, एक आकार मोठी. मुळं थोडी असतील तर मोठ्या कुंडीतली जास्तीची माती पाणी धरून बसते आणि ते ओढायला कुणी नसतं. म्हणजे आगीतून फुफाट्यात. तळाला खडी घालूनही निचरा सुधारत नाही, बारीक मातीतलं पाणी खडीच्या वरच अडून बसतं.

आता सल्ल्यात ज्याचा उल्लेखच नाही ते. शेंड्याची पानं वेडीवाकडी, आखडलेली येत असतील तर भिंग घेऊन पानाची खालची बाजू बघा. काही कोळी (माइट नावाची कीड) इतके बारीक असतात, जेमतेम 0.2 मिलिमीटर, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पिठ्या ढेकणाची एक जात मुळांवर राहते. आणि काही झाडं विषाणूहूनही लहान अशा व्हायरॉइडमुळे खुंटतात. बटाट्यावरच्या रोगाचा शोध घेताना थिओडोर डीनर यांनी 1971 मध्ये या रोगकारकाला हे नाव दिलं. शेवंती खुजी करणारा असाच एक आहे. कलम करताना तोच चाकू न धुता वापरला की तो पुढच्या झाडात जातो. त्यावर खत नाही, फवारा नाही. झाड काढून टाकायचं आणि कात्री साफ करायची.

खरंच भुकेलं झाड असतंच. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेलं, किंवा वर्षानुवर्षं त्याच मातीत बसलेलं. उजेड पुरेसा, मुळं पांढरी, माती वेळेवर सुकते, काठावर खरपुडी नाही आणि खालची पानं एकसारखी फिकी, इतकं सगळं जुळलं तर खत द्या. तेही पाकिटावर लिहिल्याच्या निम्मं.

राहिलं "आठ दिवसांत फरक दिसेल." पिवळं पडलेलं जुनं पान बहुधा पुन्हा पूर्ण हिरवं होत नाही आणि जळलेलं टोक तर भरून येतच नाही, त्यामुळे तिकडे बघत बसण्यात अर्थ नसतो. कुजलेल्या मुळांच्या जागी नवीन मुळं फुटायला वेळ लागतो आणि तोवर वर काहीच हलत नाही. मी आता कुठलाही उपाय एका वेळी एकच करतो आणि त्या दिवशी शेंड्याखालच्या पेराला लाल दोरा सैलसर बांधतो. नंतर फक्त दोऱ्याच्या वरची पानं बघायची. दुसऱ्या मिरचीला दिवा थोडा खाली घेतला आणि पाणी कमी केलं, तेव्हा दोऱ्याच्या वर पहिलं पान यायला एकोणीस दिवस लागले.