‘हेल्दी खाणं म्हणजे श्रीमंतांचे चोचले’: भावोजींच्या फॉरवर्डला उत्तर

गणपतीला महिना असताना घरच्या ग्रुपवर नालासोपाऱ्याच्या भावोजींनी एक लांबलचक मजकूर टाकला. खाली हसण्याचे तीन चेहरे. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर बचत गटाच्या ग्रुपवर, रात्री शाळेतल्या पालकांच्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच भावाने मला पाठवला. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हेल्दी खाणं म्हणजे श्रीमंतांचे चोचले. ओट्स, चियाच्या बिया, सालमन मासा, ऑलिव्ह तेल घ्यायला माणशी महिन्याला पाच हजार लागतात. आपल्या भात-माशात काही नाही, नुसतं पोट भरतं. घरी केक करायचा तर आधी दहा हजारांचा ओव्हन आणा. करायचाच तर नाचणी-गुळाचा करा, मग कितीही खा. नाहीतर पाच रुपयांचा बिस्किटपुडा बरा, गरिबाला तेवढंच परवडतं.

मालवणपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. घरात खाणारी तोंडं सहा, मिळवते हात दीड: नवऱ्याची रिक्षा आणि माझं शिवणकाम. तेव्हा परवडतं की नाही यावर बोलायचा मला थोडाफार हक्क आहे.

‘ओट्स, चिया, सालमन, ऑलिव्ह तेल...’

ही यादी ठरवली कोणी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट मांडून दाखवलंय. धान्यं आणि भरडधान्यं २५० ग्रॅम, डाळी-अंडी-मासे मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. परदेशातून बोटीने यायलाच हवी अशी एकही वस्तू त्यात नाही.

चियाचंच घ्या. शंभर ग्रॅम चियात कॅल्शियम ६०० मिलिग्रॅमच्या वर, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. कागदावर चिया जिंकलं. पण शंभर ग्रॅम चिया खातंय कोण? मोठा चमचाभर, म्हणजे दहा-बारा ग्रॅम, पाण्यात फुगवून पितात. त्यातून साठ-सत्तर मिलिग्रॅम मिळालं. नाचणीची एक भाकरी पन्नास ग्रॅम पिठाची धरली तरी पावणेदोनशे होतं, आणि भाकरी कोणी एकावर थांबवत नाही. हे सगळं अंगी लागतं असं मात्र मी म्हणणार नाही. नाचणीत फायटेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून दळली की ते कमी होतं. बाळाचं सत्त्व करताना घरोघरी एवढा खटाटोप होतो. मोठ्यांच्या भाकरीची वेळ आली की नाचणी सरळ गिरणीत!

‘भात-माशात काही नाही’

इथे भावोजी अर्धे बरोबर आहेत, पण ज्या अर्ध्यावर ते हसतायत तो अर्धा चुकीचा आहे.

सालमनची जी चरबी हृदयाला चांगली म्हणून वाखाणतात, तीच तारलीत आणि बांगड्यात असते. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली आणि तारली भरपूर मिळाली की किनाऱ्यावर वाट्याने विकतात. दोरी ओढायला हात लावला तर वाटा फुकटही मिळतो. सासूबाई तारल्यांचा तिकला, म्हणजे तिखट कालवण, करतात, तिरफळं घालून, तेल नावाला. तीच तारली रव्यात घोळवून अर्धी वाटी तेलात सोडली की चवीला माझी हरकत नाही, हिशोबाला आहे. २७ ग्रॅम तेल म्हणजे दिवसाचे सहाएक चहाचे चमचे.

आता मासा रोज स्वस्त नसतो. जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्र बंद, बाजारात जे येतं त्याला हात लावायची सोय नसते. त्या दोन महिन्यांसाठी कुळीथ आहे. माणशी तीस ग्रॅम कुळथाचं पीठ पिठीला, म्हणजे पिठल्याला, लागतं, त्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं, म्हणजे एका अंड्याएवढी. आमच्या दुकानात कुळीथ एकशेवीस रुपये किलो आहे; माणशी चार रुपयेसुद्धा पडत नाहीत. अंडं साडेसातला. वाळवलेली सुकटही असते, पण सुकट म्हणजे मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, तेव्हा सुकट कोमट पाण्यातून दोनदा काढायची आणि कालवणात वेगळं मीठ टाकायचं नाही. आमच्याकडे यावरून दर पावसाळ्यात भांडण होतं.

आता भावोजी जिथे बरोबर आहेत ते. आमच्या ताटात भात डोंगराएवढा आणि भाजी चिमटीएवढी असते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, म्हणून पोट त्यानेच भरायची सवय लागली. ४०० ग्रॅम भाजी सहा जणांना म्हणजे दिवसाला जवळजवळ अडीच किलो. बाजारातून आणायची तर कंबरडं मोडेल. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी डोंगरात उगवते, शेवग्याचा पाला परसात आहे. उन्हाळ्यात मात्र आमचेही वांधे होतात. आणि ज्याला परस नाही, जो कुडाळात नाहीतर रत्नागिरीत भाड्याच्या खोलीत राहतो, त्याला ‘शेवगा फुकट’ सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. तेवढं त्या मजकुरात कोणी लिहिलं असतं तर मीच पुढे पाठवला असता.

‘आधी दहा हजारांचा ओव्हन आणा’

हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई काजू सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आमी काय धोंडस ओव्हनात करीत होतव?”

धोंडस ज्यांना माहीत नाही त्यांना काकडीचा केक म्हणून सांगतात, ते मला फारसं आवडत नाही, पण ओळख पटते. पिवळं झालेलं जून तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसायचं. पाणी पिळून टाकायचं नाही, त्याच पाण्यात तांदळाचा भाजलेला रवा, गूळ, ओलं खोबरं, किंचित हळद आणि वेलची घालून शिजवायचं. मैदा नाही, अंडं नाही, सोडा नाही. मग जाड बुडाच्या टोपात केळीचं पान, पानाला तूप, वर हे मिश्रण थापायचं. टोप चुलीतल्या मंद निखाऱ्यांवर, वर पितळी ताट, आणि ताटात करवंट्यांचे निखारे. करवंटीचा निखारा लाकडासारखा भसकन जळून जात नाही, दमाने तापत राहतो. अर्ध्या-पाऊण तासाने ताटाच्या कडेने खमंग वास यायला लागतो. सासूबाई तेव्हा झाकण उघडत नाहीत, टोपाच्या कुशीला कान लावतात. आतला चरचर आवाज थांबला की झालं. मला अजून तो आवाज कळत नाही. मी सुरी घालून बघते.

ओव्हन याहून वेगळं काय करतो? कोरडी, चहूबाजूंनी सारखी आच देतो, केकला १७०-१८० अंश. झाकण ठेवलेल्या जाड कढईत तेवढी उष्णता सहज होते. अडचण एवढीच की गॅसवर आच फक्त खालून येते, म्हणून केकचा माथा फिकट राहतो. पूर्वीच्या बायकांनी ती अडचण वर निखारे ठेवून सोडवली. आम्ही फिकट माथा उलटा करून ताटात काढतो, कोणाला दिसत नाही.

माझा पहिला नाचणीचा केक मात्र कुत्र्यानेही हुंगून सोडला. तीन चुका एकदम केल्या होत्या. कढईत वाळू घालतात म्हणून समुद्रावरची आणली. ती तापल्यावर घरभर सुकत घातलेल्या माशाचा वास. नदीची वाळू धुऊन, वाळवून घ्यायची असते. दुसरी चूक, सगळं पीठ नाचणीचं. नाचणीत ग्लुटेन नसतं, धरून ठेवायला काही नाही, सुरी लावताच भुसा झाला. तिसरी, फुगेल म्हणून सोडा दुप्पट. तो सोडा फुगायला आंबट लागतं. दह्यातलं आंबट संपलं की उरलेला सोडा तसाच राहतो आणि चव साबणासारखी लागते.

आता प्रमाण बसलंय. नाचणीचं पीठ आणि कणीक वाटी-वाटी, गूळ दीडशे ग्रॅम, मोठी वाटीभर आंबट दही, पाव वाटी तेल, सोडा अर्धा चहाचा चमचा, चिमूट मीठ, अर्ध्या नारळाचं खोवलेलं खोबरं. दह्यात गूळ विरघळवून पीठ कालवायचं, अर्धा तास तसंच ठेवायचं म्हणजे नाचणी पाणी पिते आणि खाताना खरखरत नाही. सोडा अगदी शेवटी, कढई आधी दहा मिनिटं तापलेली हवी. मंद आचेवर पाऊण तास.

आणि खर्च? गेल्या महिन्यात वहीत लिहिलाय: नाचणी ८ रुपये, कणीक ५, गूळ ९, तेल ९, दही १४, सोडा-वेलची ३, गॅसचे ५ धरले. एकूण ५३. नारळ परसातला, विकत घेतला असता तर अर्ध्याचे पंधरा अजून. केक भरला अर्ध्या किलोच्या वर. नाक्यावर अर्ध्या किलोचा केक तीनशेला आहे. त्यावर क्रीम असतं आणि गुलाब असतो, माझ्या केकवर नसतो, ते मान्य. लेकीच्या वाढदिवसाला आम्ही तो क्रीमवालाच आणतो.

‘नाचणी-गुळाचा करा, मग कितीही खा’

सगळ्या मजकुरात हे वाक्य सगळ्यात घातक, कारण ते ऐकायला आपल्या बाजूचं वाटतं. गूळ ही साखरच आहे. थोडं लोह, थोडी खनिजं, आणि बाकी बहुतेक गोडच. उष्मांकात साखरेहून जरासाच कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण उष्मांकाच्या दहा टक्के सांगितली, जमलं तर पाच. दोन हजार कॅलरींना पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. माझ्या केकच्या बारा वड्या पडतात, एकीत साडेबारा ग्रॅम गूळ. दोन वड्यांत दिवसाचं खातं बंद, चहातली साखर अजून मोजलीच नाही. ओल्या खोबऱ्याचंही तेच. त्यातली बहुतेक चरबी संपृक्त, म्हणजे बेतानेच खायची असते, आणि आमच्याकडे ते कालवणात, भाजीत, सोलकढीत आधीच पडलेलं असतं. माझ्या नवऱ्याला साखरेची गोळी चालू आहे. नाचणीचा म्हणून त्याने एका संध्याकाळी चार वड्या खाल्ल्या, तेव्हापासून डबा माझ्या शिलाई मशीनच्या खणात असतो.

‘पाच रुपयांचा बिस्किटपुडा बरा’

त्रेपन्नला बारा वड्या, म्हणजे एक वडी साडेचार रुपयांच्या आत. पुड्याच्या भावात. पुडा उलटा करून घटक वाचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे. माझ्या हातातल्या पुड्यावर आधी मैदा, मग साखर, मग पाम तेल होतं.

तरी या वाक्यावर मला हसता आलं नाही. वहीत मी गॅसचे पाच रुपये धरले, माझा दीड तास कुठे धरलाय? त्या वेळात एका ब्लाउजची शिलाई झाली असती. नाचणीला मोड आणणं, कुळीथ भाजून दळून आणणं, टाकळा निवडणं, हे सगळं कोणाच्या तरी हातून होतं आणि बहुतेक वेळा ते हात बाईचेच असतात. जी बाई सकाळी सहाला काजूच्या कारखान्यात जाते तिने पोराच्या हातात पुडा दिला तर तिला पोषण शिकवायला मी जाणार नाही. आमच्याकडे यावर तोडगा निघाला तो असा: रविवारी गूळ लेक फोडते, दही-पीठ नवरा कालवतो, मी फक्त सोडा घालते. पहिल्या दोन वेळा गुठळ्या राहिल्या. खाल्ल्या.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांनी लिहिलं. रात्री साडेदहाला भावोजींचा निरोप आला, हसण्याचे चेहरे नव्हते. “वहिनी, इथे नदीची वाळू कुठून आणू?”

लिहिलं, शेजारी बिल्डिंगचं काम चालू असेल तिथली उचलू नका, त्यात सिमेंट असतं. वाळूवाचूनही होतं, जाड कढई, आत स्टीलची रिंग, वर घट्ट झाकण, आच अगदी बारीक. नॉनस्टिक घेऊ नका. तवसं तिकडे नाहीच मिळायचं, चतुर्थीला याल तेव्हा गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला बांधलेलं काढून देते. पण ते किसताना पाणी पिळू नका, जाऊबाईंना आधीच सांगून ठेवा.